स्किपोल ते हीथ्रो: अंतर ३७१ किमी, मग जाताना २० मिनिटं आणि येताना २ तास २०?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. अ‍ॅमस्टरडॅमहून सकाळी निघून लंडनला कॅनरी वॉर्फमध्ये ११ वाजता हजर व्हायचं असेल, तर कुठल्या वेळेचं विमान धरावं, एवढाच प्रश्न आहे. पण आकडे काही केल्या जुळत नाहीत.

अंतर सांगणाऱ्या साइटवर स्किपोल (अ‍ॅमस्टरडॅमचा विमानतळ) ते हीथ्रो (लंडनचा) ३७१ किमी, उड्डाणाचा वेळ ५८ मिनिटं. तिकिटाच्या साइटवर सकाळी १०:०० ला निघून १०:२० ला हीथ्रो. परतीचं १०:०० ला निघून १२:२० ला स्किपोल. घड्याळात एक तासाचा फरक आहे हे ठाऊक आहे. तो काढला तरी दोन्हीकडून १ तास २० मिनिटं उरतात. ५८ मिनिटांचं काम ८० मिनिटांत का? वरची २२ मिनिटं जातात कुठे?

घड्याळजी

तुमचं गणित बरोबर आहे, साइटचं चुकलेलं आहे. त्या साइट बहुतेक एकच सूत्र वापरतात: अंतर भागिले ताशी ८०० किमी, अधिक चढ-उतारासाठी ३० मिनिटं. ३७१ भागिले ८०० म्हणजे २८ मिनिटं. त्यात ३० मिळवली की ५८. यात विमानतळ कुठला, धावपट्टी कुठली, रांग किती, याचा पत्ताच नाही.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. गेटवरून विमान मागे ढकललं त्या क्षणापासून पलीकडच्या गेटवर चाकांना अडथळे लावेपर्यंतचा वेळ. या मार्गावर हवेत ४० ते ५० मिनिटं जातात. उरलेला अर्धा तास जमिनीवर.

निळीशाई

म्हणजे रिक्षाच्या मीटरसारखं. उभं राहिलं तरी चालू.

धावपट्टी_अठरा

घड्याळजींना अनुमोदन. पण ८०० चा वेग मुळात गाठला जात नाही, हेही सांगायला हवं.

३७१ किमी म्हणजे २०० नॉटिकल मैल. उतरण्याचा ढोबळ नियम असा: उंची हजार फुटांत घ्या आणि तिनाने गुणा, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात. २४,००० फुटांवर असाल तर ७२ मैल, आणि वेग कमी करायला आणखी आठ-दहा. म्हणजे ८० मैल उतरण्यात गेले. चढण्यात साठ-सत्तर. २०० पैकी सपाट उड्डाण उरलं पन्नास-साठ मैलांचं, जेमतेम सात-आठ मिनिटं. त्यात १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची (ताशी २५० नॉटिकल मैल) मर्यादा. म्हणून सरासरी ताशी ५०० किमीच्या आसपास घोटाळते. चहाची गाडी निघते आणि पट्टे बांधायची सूचना होते, ती याचमुळे.

शिवाय ३७१ हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान तसं उडत नाही. हीथ्रोवर वारा बहुतांश वेळा पश्चिमेचा असतो, म्हणून उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून, धावपट्टी २७ वरून. जायचंय पूर्वेला! उजवीकडे वळसा घालून लंडनच्या उत्तरेला ब्रुकमन्स पार्कवरून मग समुद्राकडे. पलीकडे उत्तर समुद्रावर सुगोल नावाचा बिंदू आहे, तिथून स्किपोलच्या धावपट्टीकडे जायचा मार्ग सुरू होतो.

चकलीची_भाजणी

धन्यवाद, छान समजलं. पण वाऱ्याचं काय? पश्चिमेचा वारा असेल तर लंडनहून येताना वेळ कमी लागायला हवा ना? आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरते त्याचाही काही हिशेब असेलच.

धावपट्टी_अठरा

पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब शून्य. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. उरतो वारा. ८० नॉटचा वारा धरा आणि सपाट उड्डाणासोबत चढ-उताराचा वरचा भागही धरून १०० मैल घ्या. विमानाचा वेग ४०० नॉट. वारा पाठीवर असेल तर ४८० ने साडेबारा मिनिटं, समोरून असेल तर ३२० ने पावणेएकोणीस. फरक सहा मिनिटांचा. मुंबई-लंडनसारख्या लांब पल्ल्यावर हाच वारा तास-दीड तासाचा फरक पाडतो. इथे त्याच्यापेक्षा कुठल्या धावपट्टीवर उतरलात याने जास्त फरक पडतो.

उंडगा

पोल्डरबान!! कुणी नाव कसं घेतलं नाही अजून?

पाणचक्की

घेतो की. स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे: काखबान, आल्समेरबान, झ्वाननबुर्खबान, बाउटनफेल्डर्टबान, ओस्टबान आणि २००३ पासून पोल्डरबान. ही शेवटची ३,८०० मीटर लांब आणि टर्मिनलपासून इतकी दूर की वाटेत ए५ हा महामार्ग पुलावरून ओलांडावा लागतो. खिडकीतून खाली ट्रक दिसतात. घरांवर आवाज जाऊ नये म्हणून ती तिकडे नेली आणि वापरही एकाच बाजूने: उत्तरेकडून उतरायचं (१८ आर) किंवा उत्तरेकडे उडायचं (३६ एल). टर्मिनलपर्यंत चाकांवर १० ते २० मिनिटं. हेच विमान काखबान किंवा झ्वाननबुर्खबानवर उतरलं तर पाच-सात मिनिटांत गेटवर.

विमान कंपनीला वेळापत्रक महिने आधी छापायचं असतं, तेव्हा कुठली धावपट्टी मिळेल हे माहीत नसतं. म्हणून सगळ्या शक्यता पोटात घेऊन ८० मिनिटं लिहितात. 'लवकर पोचलो' अशी घोषणा झाली की समजा, त्या दिवशी पोल्डरबान टळली.

(अवांतर: स्खिपहोल. 'ख' घशातून, घास अडकल्यासारखा.)

निळीशाई

@पाणचक्की, घास अडकल्यासारखा 'ख' काढला तर शेजारचा प्रवासी पाठीत गुद्दा घालेल.

टर्मिनल_चार

हीथ्रोच्या बाजूबद्दलही लिहायला हवं, खरी गंमत तिकडे आहे. दोनच धावपट्ट्या (३,९०२ मीटर आणि ३,६६० मीटर) आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाण-उतरणींची मर्यादा. ती जवळपास पूर्ण भरलेली असते. जरा ढग खाली आले किंवा समोरचा वारा वाढला की दोन विमानांमधला वेळ वाढतो आणि मागे रांग लागते.

रांग हवेत लावायची तर चार जागा आहेत: बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. अ‍ॅमस्टरडॅमची विमानं लॅम्बोर्नला येतात. तिथे एकाच्या डोक्यावर एक, हजार फुटांच्या अंतराने, लांबट घिरट्या घालायच्या. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. तीन झाल्या की १२ मिनिटं गेली.

यावर उपाय म्हणून हीथ्रो ३५० नॉटिकल मैलांवरूनच येणाऱ्या विमानांना वेग कमी करायला सांगतं. पण स्किपोल २०० मैलांवर! ३५० मैलांच्या रेषेचा विचार केला तर आपलं विमान अजून गेटवर उभं आहे. म्हणून त्याला हवेत हळू करण्याऐवजी जमिनीवरच थांबवतात.

चकलीची_भाजणी

दारं बंद होतात, सामान वर ठेवून होतं आणि कॅप्टन सांगतात की 'आपल्याला ३५ मिनिटांनंतरचा स्लॉट मिळालाय', ते हेच का?

टर्मिनल_चार

हेच. हा स्लॉट ब्रुसेल्समधून येतो, युरोपातल्या हवाई वाहतुकीचा मेळ घालणाऱ्या युरोकंट्रोलचं नेटवर्क ऑपरेशन्सचं केंद्र तिथे आहे. विमानाला उड्डाणाची एक वेळ दिली जाते आणि त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत धावपट्टी सोडायला हवी. ती १५ मिनिटांची खिडकी चुकली की नवीन स्लॉट, बहुधा आणखी उशिराचा. म्हणून उशीर जाहीर झाला तरी प्रवाशांना आत बसवून दारं लावून घेतात. मध्येच कुणाचा स्लॉट रिकामा झाला आणि विमान 'तयार' नसेल, तर पुढे सरकवत नाहीत.

आणि अन्याय बघा. मुंबईहून किंवा न्यूयॉर्कहून हवेत असलेल्या विमानाला कुणी 'थांब' म्हणू शकत नाही. अजून जमिनीवर आहे तोच अडकतो. जवळ राहणाऱ्यालाच समारंभात शेवटच्या पंगतीला बसवतात, तसं.

घड्याळजी

पंगतीची उपमा आवडली. :)

एक व्यावहारिक सूचना. खरा वेळ काढायचा असेल तर अंतराच्या साइट सोडा. तिकिटावरचा फ्लाइट क्रमांक विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर टाका आणि मागच्या सात-आठ दिवसांची यादी बघा. फक्त एक खबरदारी: त्या यादीत 'नियोजित' वेळ गेट सोडण्याची असते, पण 'प्रत्यक्ष' वेळ बहुधा चाकं जमीन सोडण्याची. म्हणून वेळेवर गेट सोडलेलं विमानही १५-२० मिनिटं उशिरा निघाल्यासारखं दिसतं. पोचण्याच्या वेळेलाही तेच, धावपट्टीला टेकण्याची असते. त्यात गेटपर्यंतची दहा मिनिटं धरा. मंगळवार-बुधवारचे आकडे बघून सोमवारचा अंदाज करू नका, ज्या वाराला जायचंय तोच वार बघा.

कोकणकडा

एवढा काथ्याकूट कशाला? मुंबई-मोपा (गोवा) सरळ रेषेत ३९० किमीच्या आसपास आहे. तिथेही तिकिटावर सव्वा तासच लिहितात. जगभर असंच आहे, चिवडा खा आणि झोपा.

पाणचक्की

@कोकणकडा, बरोबर, पण मुंबई-मोपाला घड्याळ बदलत नाही आणि पासपोर्ट दाखवावा लागत नाही. धागाकर्त्यांचा गोंधळ त्या दोन गोष्टींमुळेच वाढतोय.

घड्याळजी

घड्याळावरून एक अवांतर, राहवत नाही म्हणून.

आज दोन्ही देशांत वर्षभर बरोबर एक तासाचा फरक असतो. उन्हाळी वेळ दोघांची एकाच क्षणी बदलते: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ग्रिनिचच्या १ वाजता. पण नेदरलँड्स मुळात या एका तासाच्या पट्ट्यात नव्हतंच. १९०९ पासून तिथे अ‍ॅमस्टरडॅमची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या १९ मिनिटं ३२ सेकंद पुढे. १९३७ मध्ये ती सरळ २० मिनिटांवर आणली. मे १९४० मध्ये जर्मनीने देश ताब्यात घेतला आणि घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली. युद्ध संपलं, जर्मन गेले, वेळ राहिली.

१७ मे १९२० ला डच विमान कंपनी केएलएमचं पहिलं उड्डाण झालं ते याच मार्गावर, लंडनजवळच्या क्रॉयडनहून स्किपोलला. भाड्याने घेतलेलं डी हॅविलंड डीएच-१६, दोन ब्रिटिश पत्रकार आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. तेव्हा दोन गावांच्या स्थानिक वेळांमधलं मूळ अंतर जवळपास वीस मिनिटांचं. आज १०:०० ला निघून १०:२० ला पोचतो तोही वीसच मिनिटांचा फरक. योगायोग, पण झकास.

निळीशाई

रोचक! आपल्याकडेही मुंबई टाइम होताच की. भारताची प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी मुंबई १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे चालत होती. तेव्हाची मंडळी 'जुना टाइम की नवा?' विचारून मगच गाडी पकडायची.

उंडगा

म्हणजे मुंबईकर उशिरा येतात याला ऐतिहासिक आधार आहे.

सांजवारा

धागा घड्याळाच्या दुकानात शिरायच्या आत एक महत्त्वाची गोष्ट. ३७१ या आकड्याचा खरा उपयोग एकच, भरपाई.

युरोपीय नियम २६१/२००४ प्रमाणे उशीर तीन तासांचा किंवा जास्त झाला आणि कारण विमान कंपनीच्या हातातलं असेल, तर १,५०० किमीपर्यंत २५० युरो मिळतात. हे अंतर नियमातच गोलावरच्या जवळच्या रेषेने मोजायला सांगितलंय, विमानाने घिरट्या कितीही घालोत. मुंबईहून युरोपीय कंपनीच्या एकाच तिकिटावर अ‍ॅमस्टरडॅममार्गे लंडनला येत असाल आणि हा शेवटचा तुकडा चुकून लंडनला चार तास उशिरा पोचलात, तर अंतर ३७१ नाही, मुंबई ते लंडन सरळ धरायचं. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, म्हणून हा प्रवास ब्रिटनच्या तशाच नियमात बसतो: ३,५०० किमीच्या वर म्हणून ५२० पौंड. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टच सांगितलंय: जोड-विमान असलं तरी सुरुवातीचं ठिकाण ते शेवटचं ठिकाण, सरळ रेषेत.

दुसरं, 'पोचलं' कधी म्हणायचं? टेकलं तेव्हा नाही, गेटला लागलं तेव्हाही नाही. विमानाचा निदान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली ती वेळ. हा निकाल २०१४ चा. पोल्डरबानच्या वीस मिनिटांनी २ तास ५० मिनिटांचा उशीर तीन तासांच्या वर गेल्याची शक्यता लक्षात घ्या. दरवाजा उघडताना फोनवर घड्याळाचा फोटो काढून ठेवा. आणि स्लॉटमुळे झालेला उशीर बहुतेकदा 'असाधारण परिस्थिती'त टाकतात, तेव्हा पैशांची खात्री धरू नका. खाणंपिणं मात्र दोन तासांनंतर द्यावंच लागतं, कारण काहीही असो.

चकलीची_भाजणी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). वाचनखूण साठवली.

कोकणकडा

विमानच कशाला हवं? आगगाडी आहे की. अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रल ते लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन, मधे उतरायची गरज नाही.

पाणचक्की

चांगला मुद्दा. युरोस्टार साधारण चार तास. जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ पर्यंत अ‍ॅमस्टरडॅमहून लंडनला थेट गाडी नव्हती, सेंट्रलचं नवं टर्मिनल बांधून होईपर्यंत ब्रुसेल्सला उतरून तपासणी करावी लागायची. आता पुन्हा थेट.

दारापासून दारापर्यंत मोजलं तर फरक वाटतो तितका नाही. विमान: सेंट्रल ते स्किपोल रेल्वेने १५-१७ मिनिटं, विमानतळावर दोन तास, ८० मिनिटं प्रवास, हीथ्रोवर पासपोर्ट आणि शहरात जायला मिळून सव्वा ते दीड तास. झाले साधारण पाच तास. गाडी: एक ते दीड तास आधी, चार तास प्रवास. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी निघतानाच होते, त्यामुळे सेंट पँक्रसला उतरून सरळ चालू पडायचं. पण सकाळी ११ च्या बैठकीला गाडी फार उपयोगाची नाही, कारण पहिल्या गाडीवरच सगळी मदार.

सांजवारा

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी जोड: डच निवासाचं कार्ड असलं तरी ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. हीथ्रोवर ई-गेटही भारतीय पासपोर्टला उघडत नाहीत, म्हणजे अधिकाऱ्याची रांग. ब्लॉक टाइममध्ये हे नसतं, पण ४५ मिनिटं इथे जाऊ शकतात.

परतीच्या वेळी स्किपोलला पासपोर्टबरोबर निवासाचं कार्ड हातात ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी नोंद सुरू झाली आहे, ती अल्पमुदतीच्या पाहुण्यांसाठी. कार्डवाल्यांना त्यातून सूट आहे. पाहुण्यांच्या यंत्रांपुढे उगाच उभे राहू नका.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांना दंडवत. एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्न, ११ वाजता कॅनरी वॉर्फ. डच कार्ड आहे, ब्रिटनचा व्हिसा आहे, फक्त हातातली बॅग. हीथ्रो की आणखी कुठे?

टर्मिनल_चार

लंडन सिटी. स्किपोलपासून अंतर ३३५ किमी, पण फायदा त्या ३६ किमीचा नाही. विमानतळ लहान, विमानातून रस्त्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं. बाहेर डीएलआर ही हलकी शहरी रेल्वे, पॉप्लरला बदलून कॅनरी वॉर्फ, किंवा कॅनिंग टाउनला उतरून ज्युबिली लाइनने दोन थांबे. वीस मिनिटं.

उलटं मोजा. लंडनचे ११:०० म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचे १२:००. सिटीला १०:०० ला गेटवर असाल तर १०:४० ला पोचता. ब्लॉक टाइम सव्वा तासाच्या आत, म्हणजे स्किपोलहून ९:४५ च्या आसपासचं विमान कागदावर पुरतं. स्लॉटची भीती धरून त्याच्या आधीचं घ्या.

हीथ्रोला जायचंच असेल तर: एलिझाबेथ लाइनने कॅनरी वॉर्फला ४५-५० मिनिटं, पासपोर्टच्या रांगेला ४५, विमानातून चालत रांगेपर्यंत १५. म्हणजे गेटवर ९:१० ला हवं. ८:५० चं विमान अगदी काठावर, ८:०० च्या आतलं धरा.

धावपट्टी_अठरा

सिटीची दुसरी बाजू. धावपट्टी १,५०८ मीटरची आणि उतरण साडेपाच अंशांची, इतरत्र तीन असते. त्यामुळे धुकं असेल तर हीथ्रोवर स्वयंचलित पद्धतीने विमानं उतरत राहतात आणि सिटीची दुसरीकडे वळवली जातात. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळच्या वेळी हा धोका खरा आहे. आदल्या रात्री दोन्ही विमानतळांचा हवामान अंदाज बघा. धुक्याचा इशारा असेल आणि तिकीट बदलता येत असेल, तर पहाटेचं हीथ्रो. आणि शनिवारी दुपारी ते विमानतळ बंद होतं ते रविवारी दुपारीच उघडतं. परतीचं तिकीट शनिवारी संध्याकाळचं शोधत बसाल तर मिळणार नाही.

तळ्यातमळ्यात

बैठक मार्चमधल्या मंगळवारी आहे. सिटीचं, ९:४५ च्या आधीचं घेतो. परत त्याच संध्याकाळी.

घड्याळजी

परतीला कॅलेंडरमध्ये वेळ टाकताना निघण्याच्या वेळेला लंडनचा आणि पोचण्याच्या वेळेला अ‍ॅमस्टरडॅमचा पट्टा निवडा. नाहीतर फोन लंडनला उतरल्यावर घड्याळ मागे घेतो आणि नोंद एका तासाने सरकलेली दिसते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यांना हात लावू नका.

उंडगा

आणि पोल्डरबान लागली तर इथे येऊन सांगा.